बालकाबरोबर वाढणारी खोली : वायमार, १९२३

मुलाची खोली सजविणे म्हणजे तिच्या भिंती चित्रमय करणे, ही समजूत युरोपातील सुखवस्तू वर्गात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाली. वॉल्टर क्रेन या इंग्रज चित्रकाराने १८७५ मध्ये खास शिशुकक्षासाठी भिंतीचा कागद रेखाटला आणि बालगीतांतील राजेराण्या भिंतींवर अवतरल्या. या सजावटीचा दोष उघड होता. चौथ्या वर्षी रिझविणारी भिंत दहाव्या वर्षी बालिश वाटू लागे. मूल वाढे, खोली मात्र त्याच वयात अडकून पडे.

या दोषावरील एक विचारपूर्वक उत्तर जर्मनीतील वायमार येथे १९२३ साली पाहावयास मिळाले. बाउहाउस या कलाविद्यालयाच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी गेऑर्ग मुखे याच्या आराखड्यानुसार 'हाउस आम हॉर्न' हे नमुन्याचे घर उभारण्यात आले. चलनाची किंमत दिवसागणिक ढासळत असलेल्या त्या काळात अडॉल्फ सोमरफेल्ट या बर्लिनच्या लाकूड व्यापाऱ्याने द्रव्यसाहाय्य केले, म्हणूनच ते पूर्ण होऊ शकले. त्यातील मुलांची खोली सजविण्याचे काम आल्मा बुशर (जन्म १८९९) या विद्यार्थिनीकडे आले. १९२२ साली ती विद्यालयात आली, तेव्हा इतर स्त्रियांप्रमाणे तिचीही रवानगी विणकामाच्या शाळेत झाली होती. समतेची भाषा बोलणाऱ्या या संस्थेत स्त्रियांची वाट बहुधा मागापाशीच संपत असे. बुशरने मात्र लाकूडकामाच्या शाळेत प्रवेश मिळविला.

तिच्या खोलीत चित्रे नव्हती, आणि हीच गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. भिंतींच्या खालच्या भागात मुलांना स्वतःच लिहिता-रेखाटता येईल अशा फळ्या होत्या. सजावट करण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्यालाच दिलेला होता. खेळण्यांच्या कपाटाच्या एका दारात चौकोनी झरोका होता, त्यामुळे दार उघडले की बाहुल्यांच्या खेळाचा रंगमंच तयार होई. कपाटातील रंगीत खोकी बाहेर काढून कधी बैठक, कधी मेज, तर कधी चाके असलेल्या खोक्याची गाडी करता येई. पुढे मूल मोठे झाल्यावर रंगमंचाच्या जागी पुस्तके ठेवावीत आणि तान्ह्याचे कपडे बदलण्याचे मेज लिहिण्याचे मेज व्हावे, अशी ही योजना होती. वस्तूचे प्रयोजन अपुरे ठेवावे, म्हणजे ते पुरे करण्यास मुलाला वाव राहतो, असे या रचनेमागील सूत्र सांगता येईल.

हा विचार पूर्वपरंपरेवाचून उपजला नव्हता. वायमारप्रमाणेच थ्युरिंगिया प्रांतात असलेल्या बाड ब्लांकेनबुर्ग येथे फ्रॅबेलने १८३७ पासून घन व ठोकळे यांच्याद्वारे शिशुशिक्षणाचा पाया घातला होता. मारिया माँटेसरीने १९०७ साली रोममध्ये मुलांच्या उंचीची, त्यांना स्वतः हलविता येतील अशी आसने वापरात आणली. परंतु ते आसन मुलाच्या त्या वेळच्या देहाला अनुरूप असे. पुढच्या वयाचा हिशेब त्यात नसे. बुशरचे वेगळेपण नेमके येथे आहे.

तथापि या खोलीचे गुणगान करताना तिचे स्थान विसरून चालणार नाही. जेवणघर व गृहिणीची खोली यांना ती लागून होती, जेणेकरून आईला घरकाम करता करता मुलावर लक्ष ठेवता यावे. मुलाचे वय बदलेल हे गृहीत धरणाऱ्या योजनेने आईची जागा मात्र कायमची ठरवून टाकली होती. शिवाय महायुद्धानंतरच्या जर्मनीत घरांची तीव्र टंचाई होती. ज्या कुटुंबांतील सर्वच माणसे एका खोलीत निजत, त्यांना मुलाच्या स्वतंत्र खोलीचे स्वप्नही महागच होते.

बुशरचे पुढील आयुष्य याच पेचात सापडलेले दिसते. १९२६ साली तिने वेर्नर झीडहोफ या नटाशी विवाह केला, दोन मुले झाली, आणि पतीच्या रंगभूमीवरील व्यवसायामागे बिऱ्हाड गावोगाव फिरत राहिले. नव्या रचनांचे काम जवळजवळ थांबले. सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रँकफुर्टनजीक बुखश्लाग येथे विमानांच्या बाँबहल्ल्यात तिचा अंत झाला. हाउस आम हॉर्न मात्र शिल्लक राहिले आणि १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.