जर्नल, सबमिशन आणि ओरल

दुसऱ्याचा प्रोग्राम उतरवून आपल्या नावावर देण्याची रीत पुणे परिसरातल्या तंत्रशिक्षणात चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीची आहे. कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्यामधल्या सणसवाडीसारख्या कारखान्यांच्या गावातून वाघोली-पुण्याकडे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनाही ती परिचयाची.

तिचे मूळ जर्नलमध्ये. प्रत्येक प्रात्यक्षिकाचा उद्देश, अल्गोरिदम, प्रोग्राम आणि आउटपुट हाताने लिहायचे, सही घ्यायची, सत्राअखेर सबमिशन करायचे. टर्मवर्कचे गुण त्यावरच. संगणक मोजके होते तेव्हा एका यंत्रापाशी दोघे-तिघे बसत. प्रोग्राम एकाचा चाले, जर्नले सगळ्यांची भरत. तरी उतरवताना निदान प्रत्येक ओळ नजरेखालून जाई. पेन ड्राइव्ह आल्यावर तेवढेही उरले नाही; नाव आणि रोल नंबर बदलला की काम झाले.

महाराष्ट्रातल्या १९८२च्या गैरप्रकार प्रतिबंधक कायद्याचा रोख परीक्षांवर आहे, जर्नलवर नाही. बाहेरच्या जगात १९९४ साली ॲलेक्स एकन यांनी ‘मॉस’ ही प्रणाली तयार केली. ती दोन प्रोग्रामांच्या रचनेतले साम्य शोधते, त्यामुळे नुसती व्हेरिएबलची नावे बदलून तिला चकवता येत नाही. मात्र तिला ताडून पाहायला दुसरी प्रत लागते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि मागेल त्याला वेगळा प्रोग्राम मिळू लागला. यंत्राचे लेखन ओळखण्यासाठी चॅटजीपीटीच्याच निर्मात्या ओपनएआयने काढलेले साधन अचूकतेअभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले. अशा साधनाच्या अंदाजावर विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचेच.

खरा उपाय त्याच जुन्या रीतीत होता: ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरचा परीक्षक जर्नल उघडून एका ओळीवर बोट ठेवतो. ही ओळ काढली तर काय होईल? लूपच्या अटीत ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ केले तर तो किती वेळा फिरेल? कागदावर ड्राय रन करून, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने हाताने चालवून दाखव. स्वतः लिहिणारा अडखळतो, पण वाट काढतो. उतरवणारा पहिल्याच प्रश्नाला थांबतो. सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यातल्या, प्रोग्रामवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवरही ‘ड्राय रन’ हाच शब्द आहे: धातूला टूल न लावता प्रोग्राम आधी फिरवून पाहायचा, कारण चुकीच्या एका ओळीने टूल मोडते.

ओरलला वेळ लागतो. संपूर्ण बॅच एका दुपारी उरकायची असली की परीक्षक व्याख्या विचारून पुढे सरकतो, आणि व्याख्या पाठ करून येता येते.