पुस्तक, प्रत आणि देवघेव

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. अशा ग्रंथालयाचा व्यवहार हे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विश्लेषण शिकविताना संगणकाच्या वर्गात हमखास सोडविले जाणारे उदाहरण. साहित्याच्या अभ्यासकांनीही ते एकदा सोडवून पाहावे असे आम्हांस वाटते. त्यातील मूळ प्रश्न आपलाच आहे.

या विचाराचा उगम ओस्लोमधला. प्रत्यक्ष जगातील व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर उभारण्यासाठी ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात 'सिम्युला' ही भाषा घडविली. 'वर्ग' आणि त्या वर्गातील स्वतंत्र 'वस्तू' ही मांडणी १९६७च्या सिम्युलात आली. पुढे १९८३ मध्ये रसेल ॲबट यांनी सुचविले की, प्रश्न आधी साध्या भाषेत लिहावा. नामांतून वस्तूंचे प्रकार शोधावेत, क्रियापदांतून त्यांची कामे. म्हणजे पहिले हत्यार व्याकरणाचेच.

वाक्य घेऊ : 'सभासद पुस्तक नेतो.' नामे दोनच दिसतात. पण कपाटात 'विशाखा'च्या तीन प्रती असतील, तर सभासद नेमके काय नेतो? कुसुमाग्रजांनी लिहिलेली, १९४२ साली प्रसिद्ध झालेली कृती कुणालाच घरी नेता येत नाही. नेता येते ती एक प्रत. तेव्हा कवीचे नाव ग्रंथाचे, प्रकाशनवर्ष आवृत्तीचे आणि दाखल क्रमांक प्रतीचा. एका 'पुस्तक' शब्दाच्या पोटात तीन वर्ग निघाले.

परतीची तारीख कोठे लिहावी? प्रतीच्या नोंदीत लिहिली, तर पुढच्या वाचकाची तारीख येताच आधीच्या वाचकाचा माग पुसला जातो. सभासदाच्या नोंदीत लिहावी, तर त्याच्याकडे दोन पुस्तके असू शकतात. येथे 'नेतो' हे क्रियापदच नाम होते आणि 'देवघेव' हा स्वतंत्र वर्ग उभा राहतो.

हा निव्वळ काथ्याकूट नव्हे. 'पुस्तक' ही एकच नोंद ठेवली, तर जीर्ण प्रत बाद करताना ग्रंथच यादीतून नाहीसा होतो; पहिली आणि दहावी आवृत्ती एकरूप ठरतात; समासात कुणा वाचकाने टिपणे केलेली प्रत निव्वळ जादा ठरते. मग पाठचिकित्सकाने शोधायचे कोठे? कोण काय वाचत होते, हे वाचनाच्या इतिहासकाराने कशावरून सांगायचे?

जुन्या ग्रंथालयांच्या याद्या संगणकावर चढत असताना हे निर्णय आराखडा आखणाऱ्याच्या मेजावर होतात. पुस्तक म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यभर शिकविले, त्यांनी त्या मेजापाशी बसायला हवे.