आधी विषय, मग पत्रकारिता

पत्रकार व्हायचं म्हणणाऱ्या बारावीच्या मुलाला पिंपरी-चिंचवडच्या निगडी-भोसरीकडे हमखास एक सल्ला मिळतो : पत्रकारितेच्या पदवीलाच प्रवेश घे, त्याशिवाय या क्षेत्रात कुणी उभं करत नाही. मला हा सल्ला साफ अमान्य आहे.

सल्ला देणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. बदनामीचा कायदा, न्यायालयाचा अवमान, बातमीची बांधणी या गोष्टी शिकाव्याच लागतात. 2013 मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनीही पत्रकारांना किमान शैक्षणिक पात्रता असावी, असा आग्रह धरला होता. पण तसा कायदा झाला नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. बातमीदाराला यातलं काही लागत नाही. टिळक गणिताचे, आंबेडकर अर्थशास्त्राचे, हा दाखला मी देणार नाही. त्या काळी इथे असे अभ्यासक्रमच नव्हते. पण अभ्यासक्रम आल्यानंतरच्या काळातले पत्रकार पी. साईनाथ इतिहासाचे विद्यार्थी होते, हे कसं नाकारणार?

खरा मुद्दा आपल्या औद्योगिक पट्ट्याचा आहे. चाकणमध्ये कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामगार पगाराची स्लिप पुढे करतो. पीएफचे 12 टक्के, ईएसआयचे 0.75 टक्के कापलेले असतात. आता विचारायचं काय? पीएफ नेमका कोणत्या रकमेवर कापला? पगार भत्त्यांत विभागून मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवलंय का? कापलेले पैसे त्याच्या खात्यात जमा झाले का? ठेकेदाराने भरलेच नाहीत, तर कंपनीवर जबाबदारी किती? हे प्रश्न ज्याला सुचत नाहीत, तो कामगाराची कैफियत आणि कंपनीचा खुलासा शेजारी-शेजारी छापतो आणि बातमी झाली असं समजतो.

कारखान्यांबाहेरही हेच. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात मावळात पोलीस गोळीबार झाला, तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या दिवशीची बातमी तिथे पोहोचलेला कुणीही देऊ शकत होता. मात्र नदीतून येणारं पाणी पाइपातून नेलं तर काठावरच्या विहिरींचं काय होईल, हे समजावून सांगायला भूजलाची जाण लागते. ती मथळे लिहायच्या तासाला मिळत नाही.

म्हणून पदवी अर्थशास्त्राची, कायद्याची, रसायनशास्त्राची घ्यावी. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला, प्रेसशॉप आतून पाहिलेला बातमीदार तर या भागाला हवाच आहे. लिहिण्याचा सराव कॉलेजात असतानाच सुरू करावा. पत्रकारितेचं शिक्षण नंतर घेता येतं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कोणत्याही शाखेच्या पदवीधराला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो.

पालकांनो, मुलाची पत्रकारितेची ओढ मोडू नका. फक्त प्रवेशअर्जाच्या पहिल्या रकान्यात त्याला एखादा पक्का विषय भरायला लावा.