मोन्युमेंट क्रमांक २ : लुप्त नदीच्या पात्रातील खाण
अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, नावाहो आदिवासींच्या भूमीवर ही युरेनियम-व्हॅनेडियमची खाण होती. ट्रायासिक काळातील एका नदीने वालुकाश्मात खोल पात्र कोरले. ते वाळू-गोट्यांनी भरून ‘शिनारम्प’ थर बनला. भूजलातून आलेली धातुद्रव्ये या गाळात, विशेषतः गाडल्या गेलेल्या ओंडक्यांभोवती साचली. साहजिकच खोदकामही त्या पात्राच्याच मागाने चालले. दुसऱ्या महायुद्धात पोलादाच्या बळकटीसाठी व्हॅनेडियम हवे होते. पुढे अण्वस्त्रांसाठी युरेनियमची मागणी वाढली. येथील एका व्हॅनेडियम-खनिजाला ‘नावाहोआइट’ असे नाव मिळाले. नावाहो खाणकामगारांना मात्र रेडॉन वायूचा धोका कोणी सांगितला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने अनेक जण दगावल्यावर, १९९० मध्ये अमेरिकी संसदेने युरेनियम कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला.