ताटीबाहेरचे बोलणे

आगरदांड्याच्या आमच्या जुन्या घरी नवरात्रात आत्या माहेरी आली की तिच्या अंगात येत असे. माजघरात उदाचा धूर कोंडायचा, घुमणे सुरू व्हायचे आणि एरवी वडीलधाऱ्यांसमोर मान वर न करणारी आत्या माझ्या आजोबांना अरेतुरे करत विचारायची, "हिला परत पलीकडे का धाडलीस?" पलीकडे म्हणजे राजपुरी खाडीच्या पैलतीराला, दिघीच्या बाजूला. तिथे तिचे सासर होते. लग्नानंतर वर्षभरात ती तिथून पळून आली होती आणि चार दिवसांनी तिला होडीत बसवून परत पाठवले होते. 'मला' नव्हे, 'हिला'. तो शब्द अजून माझ्या कानात आहे. आजोबा हात जोडायचे, आजी ओटी भरायची, नारळ फुटायचा. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी देत नसे.

संतवाङ्मयात माणूस स्वतःच्या मनाशी कसा बोलतो, हा विषय गेली काही वर्षे मी जमेल तसा वाचतो आहे. त्या वाचनात आजच्या मानसोपचारातील एक पद्धत समोर आली आणि आत्याचा प्रश्न पुन्हा वर आला. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मूळचे कुटुंबोपचार करणारे. म्हणजे एकट्या रुग्णाला न तपासता सगळ्या घराला समोर बसवून कोण कोणाला गप्प करतो, कोण कोणाची बाजू घेतो हे पाहणारे. १९८०नंतरच्या दशकात शिकागोत अतोनात खाऊन मग ओकून टाकणाऱ्या तरुणींवर ते उपचार करत होते. त्या मुली सांगत, 'माझा एक भाग म्हणतो खा, दुसरा लगेच शिव्या देतो.' श्वार्ट्झ यांनी हे बोलणे अलंकारिक न मानता शब्दशः घेतले. माणसाच्या आतही एक कुटुंब नांदते आणि घरातली माणसे जशी वागतात तसेच हे भागही वागतात, असे त्यांनी मांडले. या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक १९९५ साली आले.

त्यांच्या मते या आतल्या घरात तीन तऱ्हेची माणसे असतात. काही कारभारी : सारे सुरळीत दिसावे म्हणून सतत धाक घालणारे. काही आगीच्या बंबासारखे : वेदना भडकली की खाणे, दारू, संताप, हाती लागेल त्याने ती विझवायला धावणारे. आणि काही हद्दपार केलेले, बहुधा लहान वयात दुखावलेले, ज्यांचे बोलणे कोणालाच ऐकायचे नसते. पहिल्या दोघांची सारी धडपड तिसऱ्याला कोंडून ठेवण्यासाठी चाललेली असते. या सगळ्यांपलीकडे एक शांत 'स्व' असतो आणि त्याने एकेका भागाशी बोलायचे. तू हे काम कधीपासून करतोस? ते थांबवलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते? उत्तर येईपर्यंत थांबायचे. कोणालाही घराबाहेर काढायचे नाही, हा या पद्धतीचा मुख्य नियम.

ही कल्पना काही एका माणसाला एकदम सुचली नाही. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १८८९ सालीच मनाच्या तुटून वेगळ्या वागणाऱ्या अंशांवर ग्रंथ लिहिला होता. इटलीत रोबेर्तो आसाजोली यांनी एका माणसात वावरणाऱ्या अनेक उपव्यक्तिमत्त्वांचा विचार केला. श्वार्ट्झ यांच्या पद्धतीचा शास्त्रीय पुरावाही अजून थोडाच आहे. संधिवाताच्या रुग्णांवरची एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिचे निष्कर्ष आशादायक होते. पण तेवढ्यावर फार मोठे दावे करता येणार नाहीत.

असे काही वाचले की आपल्याकडे लगेच म्हटले जाते, 'यात नवे काय? आमच्या संतांनी हे कधीच सांगून ठेवले आहे.' मलाही आधी तसेच वाटले. मग मी संतांकडे नीट पाहिले.

आतले कुटुंब पाहायचे तर पैठणच्या एकनाथांकडे (१५३३–१५९९) जावे लागते. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, शेवटी नवरा, सगळ्यांपासून सुटका मागते. तिला एकटीला राहायचे आहे. निरूपणकार या माणसांना अहंकार, कल्पना, वासना, अविवेक अशी नावे देतात. कोणाला कोणते नाव, यावर एकमत नाही. पण घर आतले आहे, याबद्दल वाद नाही. श्वार्ट्झ यांच्या चारशे वर्षे आधी मराठीत आतले कुटुंब असे रंगमंचावर आले होते. फरक इतकाच की इथे प्रार्थना आहे ती सगळ्यांना घालवून देण्याची. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. समोर बसलेल्या बायका खदखदून हसतात त्या अविवेकाला नव्हे, खऱ्या सासूला. अध्यात्माचा पदर होता म्हणून ते उघड बोलता आले.

दुसरी तऱ्हा समर्थ रामदासांची (१६०८–१६८१). दासबोध ज्या शिवथरघळीत लिहिला गेला असे परंपरा सांगते, ती घळ आमच्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे. त्यांचे मनाचे श्लोक २०५. मनाला समोर बसवून केलेला इतका दीर्घ उपदेश मराठीत क्वचितच सापडेल. समर्थ मनाला मोठ्या सन्मानाने हाक मारतात, समजावतात, बजावतात. पण मन उलट काही बोलत नाही. शिष्याने ऐकायचे असते. लहानपणी आमच्या ओटीवर दिवेलागणीला हे श्लोक म्हटले जात, तेव्हा आत्याही आमच्यात बसून म्हणत असे.

तिसरी तऱ्हा अंगात येण्याची. जॉन स्टॅन्ली या अभ्यासकाने महाराष्ट्रातील देव, भुते आणि संचार यांवर लिहिलेला लेख १९८८ साली एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आला. अंगात येणे आणि भूतबाधा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यात नीट उलगडले आहे. देव येतो तो हवासा, भूत येते ते नकोसे. भूत आले की भगत त्याला बोलते करतो : कोण तू? कुठून आलास? काय घेऊन जाशील? हे प्रश्न वरवर श्वार्ट्झ यांच्या प्रश्नांसारखे दिसतात. पण उत्तर मिळताच भुताला निरोप द्यायचा असतो. तो निरोप कित्येकदा फटक्यांनी दिला जाई. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, त्या २०१३च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा ठरवला. ते योग्यच झाले.

याच संदर्भात व्हिएदा स्कल्टान्स या संशोधिकेचा १९८७चा लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे की घरातल्या आजारी माणसाबरोबर आलेल्या आई, बायको अशा बायकाच घुमू लागतात. घरच्यांचे दुखणे आपल्यावर यावे, अशी त्यांची धारणा असते. म्हणजे घराचा भार कोणाच्या अंगावर येऊन पडतो, हेही तिथे दिसते.

घालवून देणे, बजावणे, ओटी भरून निरोप देणे. या तिन्ही तऱ्हांत ज्याच्याशी बोलायचे त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले जात नाही. त्याच्या सर्वांत जवळचे काही मला सापडले ते मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून त्यांना विनवत राहिली, अशी कथा आहे. ती उपदेशही करते, हे खरे. ही दोन भावंडांची गोष्ट आहे, एका मनाची नव्हे, हेही खरे. पण ती ताटी मोडत नाही, मोडायला कोणाला बोलावत नाही. दुखावलेला आत आहे आणि ताटी त्यानेच उघडायची आहे, हे ती धरून चालते. आज उपचारांच्या खोलीत जे करू पाहतात, त्याची रीत मराठीला अगदीच अनोळखी नाही. मात्र ती आमची मुख्य रीत होती, असे मला म्हणवत नाही.

म्हणवत नाही याला कारण मी स्वतः आहे. १९८८च्या नवरात्रात मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अंधश्रद्धेवरची पुस्तके नुकतीच वाचली होती. आत्या घुमू लागली तेव्हा मी पुढे होऊन तिचे मनगट धरले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "पुरे झाले हे सोंग." ती थांबली. पदर सारखा करून भात पाहायला स्वयंपाकघरात गेली. पुन्हा तिच्या अंगात कधी आले नाही. हा आपला विजय, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. ती पुढे वीसेक वर्षे जगली. पलीकडच्या तीराबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

संचारात देवी येते असे मी आजही मानत नाही. आत्याला कोणता आजार होता असेही म्हणत नाही. तो अधिकार माझा नव्हे आणि ज्यांना खरोखर आजार आहे त्यांनी डॉक्टरकडेच जावे. पण तिच्या आत कोणीतरी 'हिची' बाजू घेऊन बोलत होते. घरच्यांनी त्याची पूजा केली, मी त्याला दटावले. ऐकले कोणीच नाही.

गेल्या वर्षी आईला विचारले. ती आता ऐंशीच्या घरात आहे. आत्या पळून आली तेव्हा ती या घरात नवी सून होती. आत्याला परत का पाठवले? आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाठच्या दोघी उजवायच्या होत्या रे. वन्सं घरी बसल्या असत्या तर त्या दोघींना कोणी करून घेतलं असतं? मामंजी रात्रभर ओटीवर बसून होते."

हे उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होते. आत्याला ते कोणी सांगितले नव्हते.