वऱ्हाडातील कॅथलिक शाळा : सण कोणाचा?

वसईच्या धर्मग्रामात शाळेचा सण कोणाचा, असा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेथील देवळे सोळाव्या शतकापासूनची. भोवतालची कॅथलिक वस्ती मराठी बोलणारी. शाळा त्या वस्तीच्याच पोटी जन्मलेली. अमरावती-अकोल्याकडे वळताच हे चित्र पालटते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या ०.९६ टक्के भरली, आणि तीतही मोठा वाटा मुंबई व उत्तर कोकणचा. वऱ्हाडातील कॅथलिक शाळेच्या पटावर कॅथलिक मुले थोडी असावीत, हे ओघानेच आले.

हा समाज बाहेरून, थोडथोडा जमलेला आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आला. एलिचपुरास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पुढील दशकात कापसाचा भाव आणि आगगाडी ही दोन्ही बरोबरच आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला. फौजेतील व रेल्वेतील नोकरीने आलेल्यांत कॅथलिक होते. पुढे येथील धर्मकार्याची सूत्रे संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाकडे आली. पिएर-मारी मेर्मिए ह्यांनी १८३८ साली सव्हॉयमधील आनसी येथे स्थापिलेला हा संघ विशाखापट्टणमच्या मार्गाने नागपुरापर्यंत आला होता. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला व त्यातून ८ मे १९५५ रोजी अमरावतीचा निघाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हेही ह्याच संघाचे. त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रदेशात व औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते; चर्चच्या नकाशावर मात्र दोन्ही एकाच धर्मप्रांतात होती. राज्यपुनर्रचना त्यानंतर वर्षाने झाली, हे जाता जाता नोंदविण्याजोगे आहे. औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली निराळा झाला.

वऱ्हाडी पटाची ही घडण चर्चच्या जुन्या कायद्यात सहज बसणारी नव्हती. १९१७ च्या धर्मसंहितेतील १३७४ वा नियम कॅथलिक मुलांस कॅथलिकेतर, तटस्थ अथवा मिश्र शाळांत जाण्यास मनाई करी. अपवाद ठरविण्याचा अधिकार बिशपांचा. जेथे कॅथलिकेतरांनाही प्रवेश, ती शाळा मिश्र. म्हणजे शब्दशः पाहता धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी चालविलेली शाळाही येथे मिश्रच ठरावयाची! युरोपातील धर्मग्राम नजरेपुढे ठेवून केलेला हा नियम होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक घोषणापत्र काढले. नव्या चर्चच्या प्रदेशांतील ज्या शाळांत इतर धर्मांची मुलेही शिकतात त्या चर्चला विशेष प्रिय आहेत, असे तीत म्हटले आहे. काही अभ्यासक ह्यास धोरणातील पालट मानतात. मला तो पालट वर्गात आधीच घडून गेलेला दिसतो.

इकडे भारतीय राज्यघटनेने ३० व्या अनुच्छेदात अल्पसंख्याकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला, आणि २८ व्या अनुच्छेदाने मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत संमतीवाचून कोणासही धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविण्यास मज्जाव केला. त्यामुळे एकाच तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणास व बाकीची नीतिशिक्षणास, अशी विभागणी अशा शाळांतून रूढ झाली. सणाच्या दिवशी ती अधिकच स्पष्ट होते : मिस्सा थोड्यांसाठी, कार्यक्रम सर्वांसाठी.

अकोल्याच्या माउंट कार्मेल शाळेस जिचे नाव आहे त्या कार्मेल मातेचा सण १६ जुलैस येतो. उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा वर्ग भरून जेमतेम तीन आठवडे झालेले, शिवारात पेरणी आटोपलेली किंवा पावसावाचून खोळंबलेली, आणि आषाढी तोंडावर आलेली वा नुकतीच सरलेली. अमरावतीच्या होली क्रॉस कॉन्व्हेंटच्या नावाशी निगडित असा पवित्र क्रुसाचा सण १४ सप्टेंबरास, पोळा-गणपतीच्या आगेमागे पडतो. नाताळाच्या नाटिकेत योसेफ, मरिया व मेंढपाळ ह्यांची सोंगे घेण्यास हिंदू, बौद्ध, मुसलमान मुले उभी राहतात. पट पाहता दुसरे होणे शक्यही नाही.

ह्या सर्वांत मराठी कॅथलिक मुलाची स्थिती चमत्कारिक आहे. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेस वाट मोकळी केली व देवळात मराठी आली. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रार्थना इंग्रजीच राहिली. प्रभूची प्रार्थना तो रविवारी मराठीतून म्हणतो व सोमवारी इंग्रजीतून. त्याच्या बाकावरील हिंदू मित्रास ती इंग्रजीतून तोंडपाठ असते. मराठीतून त्याने ती सहसा ऐकलेलीही नसते.