हबीबगंजचा सर्व्हर फोंड्यात का दिसत नाही?

भोपाळच्या हबीबगंज परिसरातील एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. मुंज, लग्ने आणि गावच्या जत्रेत घरच्याच मंडळींनी केलेले नाटक, असे सारे व्हीएचएस कॅसेटींवर होते. फितींना बुरशी लागू लागली तेव्हा मुलाने त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारखा मीडिया सर्व्हर बसवला. घरातल्या टीव्हीवर नाटक उत्तम चालते; फोंड्याला राहणाऱ्या आत्याच्या फोनवर मात्र ‘सर्व्हर उपलब्ध नाही’ एवढेच उमटते. गोव्यातील अनेक घरांची अडचण याच्या उलट दिशेची असते: सर्व्हर इथे आणि पाहणारा पुण्यात, दुबईत किंवा लंडनमध्ये. निदान मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

प्रथम घरातली बाजू तपासावी. वीज जाऊन आल्यावर संगणक सुरू झाला का, तो झोपी तर गेला नाही ना, बाहेरून जोडलेली डिस्क त्याला दिसते का? मग सर्व्हरचा घरातला पत्ता पाहावा. राउटर पुन्हा सुरू झाला की तो हा पत्ता बदलू शकतो आणि कालपर्यंत चाललेली सारी मांडणी निकामी होते. म्हणून राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. बाहेरची चाचणी घेण्यासाठी आत्याला तासभर फोनवर ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. आपल्याच फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून प्रयत्न करावा. घरच्या वायफायवर राहून बाहेरचा पत्ता उघडून पाहणे ही फसवी परीक्षा ठरते. अनेक राउटर आतून निघालेली अशी हाक परत आत वळवत नाहीत, आणि बाहेर सर्व ठीक असूनही आपल्याला बिघाडच दिसतो.

खरी गाठ बहुधा पुढे असते. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो पत्ता दिसतो तो लिहून घ्यावा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर मार्ग सोपा आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करावे (प्लेक्ससाठी ३२४००, जेलीफिनसाठी सहसा ८०९६) आणि संगणकाच्या फायरवॉलमध्येही तेवढीच वाट मोकळी ठेवावी. बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसची सेवा घ्यावी; तीत नाव तेच राहते आणि त्यामागचा पत्ता आपोआप बदलत जातो. हबीबगंज स्थानकाचे उलट झाले: २०२१ च्या नोव्हेंबरात ते राणी कमलापती झाले, जागा मात्र होती तिथेच राहिली.

दोन पत्ते वेगळे निघाले तर पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेला वेळ वाया जातो. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि एप्रिल २०१२ मध्ये सेवापुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी ही खास मालिका राखून ठेवण्यात आली. तेव्हापासून एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरे नांदतात. मोठ्या वसाहतीचा पहारेकरी आपण धाडलेल्या पत्राचे उत्तर बरोबर आपल्या दारी पोहोचवतो, कारण पत्र कोणी धाडले ते त्याने टिपून ठेवलेले असते. पण नुसते वसाहतीचे नाव घालून आलेले अनाहूत पत्र कोणाचे, हे त्याला कळत नाही. आत्याची विनंती नेमकी तिथे अडते. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र बहुधा केबलवाल्याने बसवलेले यंत्र हाच एक राउटर आहे आणि आपला त्याच्यामागे दुसरा. अशा वेळी त्यांपैकी एकाला ब्रिज मोडवर टाकावे. १० ने सुरू होणारा पत्ता या दोहोंपैकी कशाचाही असू शकतो, तेव्हा पुरवठादारालाच विचारावे.

सीजीनॅटवर उपाय तीन. काही पुरवठादार जादा शुल्क घेऊन स्थिर सार्वजनिक पत्ता देतात. दुसरा उपाय आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा. भारतात ती निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली आहे, पण ती दोन्ही टोकांना हवी आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका संगणकापुरती परवानगीही द्यावी लागते. तिसरा, आणि माझ्या मते घरगुती वापरासाठी सर्वांत शहाणपणाचा, म्हणजे टेलस्केलसारखे खासगी जाळे. त्यात दोन्ही टोके आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे पहारेकऱ्याचा प्रश्नच उरत नाही. सर्व्हरवर आणि आत्याच्या फोनवर ॲप हवे. जुन्या टीव्हीवर ते बसत नसेल तर अँड्रॉइड टीव्हीची स्टिक लावावी. टेलस्केलही १००.६४ चीच मालिका वापरते, म्हणून त्या ॲपमधला पत्ता पाहून सीजीनॅटचे निदान करू नये.

प्लेक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून पाहण्यासाठी सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास किंवा पाहणाऱ्याकडे स्वतंत्र सशुल्क पास लागतो. कित्येकांनी हा बदल न कळल्याने राउटरलाच दोष दिला. जेलीफिनमध्ये अशी अट नाही.

चित्र दिसते पण अडखळते, हा निराळा आजार आहे. इथे हबीबगंजच्या घराचा अपलोड वेग मोजावा. डाउनलोडच्या आकड्याला काही अर्थ नाही. प्लेक्स थेट जोडणी न जमल्यास आपल्या रिलेतून चित्र पाठवतो, पण विनामूल्य खात्याला तिथे सेकंदाला १ मेगाबिटची मर्यादा आहे. कॅसेटींवरून उतरवलेल्या फाइल बहुधा एमपेग-२ किंवा डीव्ही प्रकारच्या असतात आणि फोनसाठी सर्व्हरला त्या ऐनवेळी रूपांतरित कराव्या लागतात. जुना संगणक तिथेच धापा टाकतो. पाहण्याची प्रत एकदाच एच.२६४ मध्ये करून ठेवावी. मूळ फाइल मात्र पुसू नये.

पोर्ट उघडे टाकून विसरणे महागात पडते. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत झालेल्या चोरीची एक वाट तिच्या अभियंत्याच्या घरच्या संगणकातून गेली होती. त्यावरील प्लेक्स जुने होते. ज्या त्रुटीचा फायदा घेतला गेला तिची दुरुस्ती मे २०२० मध्येच उपलब्ध झाली होती. २०२२ च्याच जानेवारीत इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप साठवण-यंत्रांवर डेडबोल्टने हल्ला चढवून घरोघरच्या फाइल कुलूपबंद केल्या व खंडणी मागितली. तेव्हा सर्व्हर अद्ययावत ठेवावा, आत्याला फक्त पाहण्यापुरते खाते द्यावे आणि प्रशासकाचा पासवर्ड कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.

आणि कॅसेटी गेल्या असतील तर या फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवीच. ५०० जीबी साठा सेकंदाला १० मेगाबिटच्या अपलोडने फोंड्याला धाडायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. भोपाळहून गोवा एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतली डिस्क दोन दिवसांच्या आत पोहोचते.